वेंडेल रॉड्रिक्स: रॅम्पपासून कुणबी साडीपर्यंत

२५ जानेवारी २०१४ रोजी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. पद्मश्रीच्या मानकऱ्यांत गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स होते. त्याच्या बरोबर पंचेचाळीस दिवस आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सुरेशकुमार कौशल खटल्यात निकाल देऊन समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ पुन्हा जिवंत केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली समलिंगी माणसांना दिलेली मोकळीक साडेचार वर्षांतच संपली होती. रॉड्रिक्स यांनी आपले समलिंगी असणे कधी दडवले नव्हते. त्यांच्या जोडीदाराचे नाव गावालाही माहीत होते आणि वर्तमानपत्रांनाही. एकाच हिवाळ्यात एकाच देशाने या माणसाच्या सहजीवनाला गुन्ह्याच्या कक्षेत ढकलले आणि त्याच्या कामाला राष्ट्रीय सन्मान दिला.

तारे-तारकांच्या कपड्यांच्या बातम्या रोज येतात. कोणत्या नटीने कोणत्या समारंभाला काय घातले, ते कोणी शिवले, किती किमतीचे होते, हे सगळे त्यात असते. ज्यांनी ते कपडे घडवले त्यांतले अनेकजण समलिंगी पुरुष आहेत, हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक असते. तरीही त्यांच्याविषयीचे लिखाण बहुतेकदा नटीच्या पदरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हा माणूस कोणाबरोबर राहतो, त्याने काय वाचले, त्याची नजर कशातून तयार झाली, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. रॉड्रिक्स यांच्या बाबतीत हे प्रश्न टाळले तर त्यांचे कामच समजत नाही.

त्यांचा जन्म २८ मे १९६० रोजी मुंबईत, गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. बालपण माहीममध्ये गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे फॅशनचे शिक्षण हा विषयच नव्हता. त्यांनी केटरिंगचा अभ्यासक्रम केला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ओमानमध्ये, रॉयल ओमान पोलिसांच्या ऑफिसर्स क्लबमध्ये नोकरी धरली. मस्कतमध्ये त्यांची जेरोम मारेल या फ्रेंच गृहस्थांशी भेट झाली. पुढची सगळी वर्षे दोघे एकत्र राहिले. नोकरीतून साठवलेल्या पैशांवर रॉड्रिक्स लॉस एंजेलिस आणि पॅरिस इथे फॅशन शिकले. भारतात परतल्यावर त्यांनी गार्डन वरेली, लॅक्मे अशा कंपन्यांसाठी काम केले आणि १९८९ साली स्वतःच्या नावाचे लेबल सुरू केले.

ती मुंबई कशी होती? अशोक राव कवी यांनी १९८६ साली एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले होते, आणि १९९० साली त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. जाहीरपणे बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. फॅशनच्या दुनियेत समलिंगी पुरुषांना जागा मिळत असे, पण ती न बोलण्याच्या अटीवर. सगळ्यांना माहीत असावे आणि कोणी उच्चारू नये, असा तो अलिखित करार होता. रॉड्रिक्स यांनी तो पाळला नाही. मारेल हे त्यांचे जोडीदार आहेत, हे ते साधेपणाने सांगत. २०१२ साली आलेल्या ‘द ग्रीन रूम’ या आत्मचरित्रातही त्यांनी हे नाते आडपडदा न ठेवता मांडले.

कपड्यांतही त्यांनी प्रवाहाविरुद्धचीच वाट धरली. नव्वदच्या दशकात भारतीय डिझायनर कपडे म्हणजे जरदोजी, खडे, भरगच्च लेहेंगा असे समीकरण होते, कारण मोठा ग्राहक लग्नघरातला होता. रॉड्रिक्स यांनी कापडावरची वेलबुट्टी काढून टाकली. पांढरा रंग, सुती आणि तागाचे कापड, भौमितिक कापणी, चुण्या आणि अंगावर सैल पडणारी घडण, एवढ्यावर ते पोशाख उभा करत. कपड्याचे सारे सौंदर्य त्याच्या कापणीत असले पाहिजे, हा हट्ट होता. भरतकाम चुका झाकते, साधा कपडा सगळे दाखवतो. समीक्षकांनी त्यांना मिनिमलिझमचे गुरू म्हटले. भारतात ‘रिसॉर्ट वेअर’ नावाचा जो कपड्यांचा प्रकार पुढे फोफावला, त्याची पायवाट त्यांनी पाडली. १९९५ साली जर्मनीतल्या ‘इगेडो’ या मोठ्या वस्त्रमेळ्याचे निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. २००० साली दिल्लीत देशातला पहिला फॅशन वीक भरला, त्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

चित्रपटांच्या बातम्यांत त्यांचे नाव येते ते मुख्यतः दोन नट्यांमुळे. बंगळूरच्या एका मॉलमध्ये त्यांना एक तरुणी दिसली. तिला त्यांनी मॉडेलिंग करायला सुचवले आणि २००७ च्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये आपल्या कपड्यांत रॅम्पवर आणले. ती अनुष्का शर्मा. त्यांच्यासाठी मॉडेलिंग करणाऱ्या दीपिका पदुकोण यांचे नाव त्यांनी मलायका अरोरा यांच्याकडे सुचवले. मलायका यांच्याकडून ते फराह खान यांच्यापर्यंत पोहोचले आणि २००७ च्या दिवाळीत ‘ओम शांती ओम’ पडद्यावर आला. हे किस्से खरे आहेत आणि वाचायला गोडही आहेत. पण नट्या शोधणारा माणूस एवढीच रॉड्रिक्स यांची ओळख उरावी, हे अन्यायाचे आहे.

२००८ च्या शरदात हिंदी सिनेमाने फॅशनमधल्या समलिंगी पुरुषाची दोन चित्रे दोन-अडीच आठवड्यांच्या अंतराने दाखवली. मधुर भांडारकर यांच्या ‘फॅशन’मध्ये समीर सोनीने रंगवलेला डिझायनर आईच्या आग्रहापुढे नमतो आणि आपले समलिंगी असणे जाणणाऱ्या मैत्रिणीशीच लग्न करतो. ती मैत्रीण पुण्याच्या मुग्धा गोडसेने केली होती. पाठोपाठ आलेल्या ‘दोस्ताना’त बोमन इराणी फॅशन मासिकाचे भडक, लाडिक संपादक झाले होते. एक दुःखात लपलेला, दुसरा हशासाठी वाढून ठेवलेला. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ‘फॅशन’मध्ये स्वतः रॉड्रिक्स स्वतःच्याच नावाने काही क्षण दिसतात. त्या वेळी ते आपल्या जोडीदाराबरोबर गोव्यातल्या खेड्यात पंधरा वर्षे राहत होते. लपलेले नव्हते आणि हास्यास्पदही नव्हते. अशा माणसाची कथा लिहावी, असे तेव्हा कोणाला वाटले नाही.

१९९३ साली ते दोघे बार्देश तालुक्यातल्या कोलवाळला, शापोरा नदीकाठच्या रॉड्रिक्स यांच्या मूळ गावी राहायला गेले. मुंबई सोडून खेड्यात गेलेला डिझायनर संपला, असे म्हणणारे पुष्कळ असतात. ‘कासा दोना मारिया’ या शेकडो वर्षांच्या घरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. चर्च, पंचायत आणि शेजारपाजार असलेल्या गावात दोन पुरुषांनी उघडपणे संसार मांडणे, हे शहरातल्या पार्टीत मोकळे असण्यापेक्षा कितीतरी अवघड. २००२ साली त्यांनी आपल्या नात्याची फ्रान्सच्या ‘पाक्स’ कायद्याखाली नोंद केली. हा नागरी सहजीवनाचा कायदा फ्रान्सने १९९९ साली केला होता. विख्यात डिझायनर इव्ह सँ लोराँ आणि पिएर बेर्जे यांनीही त्याचाच आधार घेतला, पण तो लोराँ यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, २००८ साली. मारेल फ्रेंच नागरिक असल्याने रॉड्रिक्स यांना ही वाट मिळाली. भारतात त्या कागदाला काही किंमत नव्हती.

गोव्यात आल्यावर त्यांच्या कामाचा दुसरा आणि अधिक मोलाचा भाग सुरू झाला. गोव्याच्या लोकांनी काय नेसले, काय घातले, याचा इतिहास त्यांनी शोधायला घेतला. लिस्बनच्या राष्ट्रीय वेशभूषा संग्रहालयात अभ्यास केला, गोव्यात जुन्या घरांतले पेटारे धुंडाळले. अनेक वर्षांच्या खटपटीतून २०१२ साली ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ निघाला. प्राचीन शिल्पांतली वस्त्रे, पोर्तुगीज काळातले बदल आणि मांडो नाचताना ख्रिस्ती बायका घालत त्या पानो भाजूचा डौल, हे सारे त्यात आहे.

या इतिहासात कपडा म्हणजे केवळ आवडनिवड नाही. इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये, असे बजावले होते. घराच्या आतसुद्धा ही मनाई लागू होती. मराठीचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हे फर्मान तपशिलाने दिले आहे. घरात कोणी काय नेसावे हे सत्तेने ठरवायचे, आणि घरात कोणी कोणावर प्रेम करावे हेही सत्तेनेच ठरवायचे. दुसऱ्या प्रकारच्या कायद्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाने पहिल्याचा इतिहास इतक्या मायेने गोळा करावा, यात योगायोग नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

याच शोधात त्यांच्या हाती कुणबी साडी आली. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे कुणबी हा शेतकरी समाज. गोव्यातले कुणबी आणि गावडे हे तिथल्या आद्य रहिवाशांपैकी मानले जातात आणि २००३ सालापासून अनुसूचित जमातींत गणले जातात. त्यांच्या बायका भाताच्या खाचरात वाकून काम करत. त्यामुळे साडी आखूड, घोट्याच्या वर, जाड सुताची, लाल रंगात चौकड्यांची. पदर खांद्यावर गाठ मारून बांधलेला आणि आत चोळी नाही. पुढे बाजारात गिरणीचे स्वस्त कापड आले, हातमाग बंद पडत गेले आणि ही साडी नाचाच्या कार्यक्रमापुरती उरली. तीही बहुधा यंत्रमागाची.

रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ती पुन्हा हातमागावर विणून घेतली. सूत मऊ केले, लांबी-रुंदी आजच्या नेसण्याला पुरेल एवढी वाढवली, लालाच्या जोडीला इतर छटा आणल्या, आणि दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये तिला रॅम्पवर नेले. श्रमकरी बाईचे वस्त्र देशाच्या फॅशनच्या व्यासपीठावर आले. यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. डिझायनरच्या दुकानातली साडी खाचरातल्या बाईला परवडत नाही, तिच्या वस्त्राचा मान वाढला तरी तिच्या पदरात काय पडले? हा प्रश्न विचारत राहिला पाहिजे. पण रॉड्रिक्स यांनी साडीला नवे गोंडस नाव दिले नाही. ‘कुणबी’ हेच नाव कायम ठेवले. आज गोव्यात समारंभांत ती साडी ओळखली जाते, मागितली जाते, ती त्या नावानेच.

हीच नजर ‘पोस्कें’ या त्यांच्या २०१७ च्या कादंबरीत आहे. गोव्यातल्या सुखवस्तू कॅथलिक घरांत अनाथ मुले पोसली जात, घरचे नाव मिळे, पण आयुष्य चाकरीत जाई. घरात असून घरातले नसलेल्या त्या माणसांवर त्यांनी लिहिले. समलिंगी माणसाला कुटुंबातल्या अशा अर्धवट जागेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

२०१६ साली त्यांनी आपले लेबल शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवले आणि ‘कासा दोना मारिया’त मोडा गोवा संग्रहालय उभारायला घेतले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज जोहर खटल्यात प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तो दिवस त्यांना पाहायला मिळाला. संग्रहालयाचे काम चालू असतानाच १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळला राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ५९. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार देण्यास १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे रॉड्रिक्स आणि मारेल यांच्यासारख्या जोडप्यांना आपल्या नात्याच्या नोंदीसाठी आजही परदेशी कायद्याकडेच पाहावे लागते.

‘मोडा गोवा’ इंग्रजीत आहे. ज्या बायकांच्या वस्त्रांचा तो इतिहास आहे त्यांच्या लेकी-सुना कोकणी आणि मराठी वाचतात. गोव्यातल्या किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या प्रकाशकाने हा ग्रंथ मराठीत आणण्याचे मनावर घ्यावे. आणि त्यातल्या लेखक-परिचयात पद्मश्रीइतक्याच स्वच्छ अक्षरांत जेरोम मारेल यांचे नाव छापावे.