गादी, गाडी आणि नागपूरचा रस्ता

भोपाळहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. १९५६ च्या नोव्हेंबरात नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातल्या फायलींमागोमाग बरेच मराठी कारकून आणि त्यांचे संसारही इकडे आले. चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९६० ला, पंडित नेहरूंनी हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा अशी वसाहत उभी राहत गेली आणि फिटर, टर्नर, इंजिनिअर म्हणून मराठी माणसांची दुसरी खेप आली. या लोकांचं बरंचसं गणगोत सातपुड्याच्या पलीकडे राहिलं. त्यामुळे लग्नं, बारशी, तेरावं, दिवाळी, सगळं या एका रस्त्याला बांधलेलं.

अर्थात बहुतेक सगळे रेल्वेनेच जात. भोपाळ-इटारसी-नागपूर ही मुख्य लाइन असताना बायकामुलं घेऊन दुचाकीवर कोण निघेल? मोटारसायकलने जायचे ते बिनलग्नाचे तरुण, आरक्षण न मिळालेले, आणि काही जण नुसत्या हौसेने. त्यांच्या कंबरेचं, मनगटांचं आणि गादीवर टेकणाऱ्या हाडांचं गेल्या पासष्ट वर्षांत काय झालं, त्याचा हा मागोवा.

सुरुवातीच्या काळात बरखेड्याच्या क्वार्टरांतून सकाळच्या भोंग्याला निघायच्या त्या सायकली. मोटारसायकल म्हणजे रोज सोबत न्यायची गोष्ट नव्हती, ती मिरवायची होती. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होणारी बुलेट, म्हैसूरची जावा (पुढे तिचीच येझदी झाली) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, एवढाच मामला. राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर बेतलेली, पावणेदोनशे सीसीची, दणकट आणि स्वस्त. यांत आरामाचा विचार कुणी फारसा केलेला नव्हता. अपवाद एकच, जुन्या बुलेटची स्प्रिंगची एकाची गादी. सायकलच्या सीटची थोरली बहीण दिसायची, पण मागचा शॉकअप जे खड्डे पोटात घेऊ शकत नसे ते ती घ्यायची.

राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळून घ्यावं लागे, प्लग काळा झाला तर काढून पुसावा लागे, आणि उन्हाळ्यात चढाला इंजिन तापलं की गाडी सावलीत लावून थांबावं लागे, नाहीतर पिस्टन जाम. म्हणून या रस्त्यावरचे थांबे ठरून गेलेले. ओबेदुल्लागंज ओलांडलं की रातापानीच्या जंगलात दुसरा बरखेडा लागतो. घाटाच्या तोंडाशी असलेल्या या रेल्वे स्टेशनाच्या गावाचं आपल्या वसाहतीशी नावापलीकडे काही नातं नाही. तिथे पहिला चहा. मग बुदनी, लाकडी खेळण्यांची. नर्मदेच्या पुलावर नाणं टाकायचं, होशंगाबादला पोहे. (२०२२ पासून गाव नर्मदापुरम झालं, जुन्या स्वारांच्या तोंडी मात्र होशंगाबादच.) इटारसीच्या पुढे केसला, शाहपूर, मग बरेठ्याचा घाट. तो चढून गेलं की गाडीलाही विश्रांती हवी आणि माणसालाही. पुढे बैतूल, तापीचा उगम असलेलं मुलताई. पांढुर्ण्यापर्यंत बाजारात मराठी ऐकू येऊ लागायची, आणि त्यानंतर सावनेर म्हणजे घरच.

या थांब्यांना सगळे वैतागत. माझ्या मते त्यांनीच त्या पिढीच्या पाठी वाचवल्या. दर तास-सव्वा तासाने माणूस खाली उतरत होता, पाय मोकळे करत होता, पाणी पीत होता. रस्ता इतका खराब की खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभं राहायचं. त्यातही बसल्या जागेवरचा दाब सुटून रक्त वाहतं व्हायचं. आज प्रशिक्षक हेच शिकवतात. तेव्हा ते रस्ता शिकवत होता.

बुलेटचं दुखणं वेगळं. तिचं ३४६ सीसीचं एक सिलिंडर, एक जड पिस्टन खालीवर, आणि त्याचा तोल साधणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. साठपर्यंत ती झुलवत न्यायची, त्याच्यावर गेलात की हॅण्डल, टाकी, फूटरेस्ट सगळं थरथरायला लागे. नागपूरला पोचल्यावर तळहात तासभर मुंग्यांनी भरलेले असत आणि चहाचा कप हातात नाचे. ही थट्टेची गोष्ट नव्हे. सतत थरथरणारी मूठ घट्ट धरून ठेवली तर मनगटातल्या आणि करंगळीकडच्या नसांवर ताण येतो. जाणते स्वार ग्रिपवर सायकलची ट्यूब चढवत, एक्सिलरेटर मुठीने न आवळता तळव्याने ढकलत, आणि मुख्य म्हणजे वेग वाढवत नसत. बुलेटवाल्यांच्या संथपणाला लोक रुबाब समजायचे. त्यात निम्मा भाग मनगटांचा होता.

१९८४-८५ मध्ये जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि वसाहतीचं चित्र पालटलं. यामाहा आरएक्स शंभरने पोरांना वेड लावलं, पण कारखान्याच्या दारात गर्दी झाली ती हिरो होंडाची. फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि मायलेज असं की टाकी एकदा भरली की विसरून जावं. १९९४ च्या स्प्लेंडरने तर मध्यमवर्गाचा प्रश्नच मिटवला. लांबच्या प्रवासाला मात्र तिची गादी अरुंद आणि मऊ. मऊ म्हणजे आरामशीर, हा समज इथेच पक्का झाला आणि तो चुकीचा आहे. मऊ फोम दुकानात बसून पाहताना छान लागतो. तासाभरात तो दबून सपाट होतो आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. दाट, कडक, रुंद फोम पहिल्या दहा मिनिटांत नकोसा वाटतो आणि चौथ्या तासाला त्याची किंमत कळते. रेक्झिनच्या खाली काय भरायचं हे गादीवाल्याला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो मऊच भरतो, कारण गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून बघतं.

मागच्या गादीवरच्या माणसाबद्दल आपण इतकं कमी बोललो आहोत की इथे जरा थांबतो. सहावारी नेसलेली बाई एका अंगाला बसायची, दोन्ही पाय एकीकडे, कंबर पिळलेली, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि मांडीवर मूल. या बैठकीत वसाहतीतल्या विजय मार्केटपर्यंत जाणं ठीक, नागपूर अशक्य. चाकात पदर अडकण्याची भीती वेगळीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या स्वाराला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारा आडोसा सक्तीचा आहे. तरीही कंपन्या तो जोडत नव्हत्या, आणि त्यासाठी २००८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तो उचलून धरला. साध्या साडी गार्डसाठी एवढं!

मागच्या स्वाराला खरा आराम दिला तो कुठल्याही कंपनीने नव्हे, सलवार-कमीजने. दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं की कणा सरळ होतो, भार वाटला जातो, वळणावर गाडीसोबत झुकता येतं. मजा अशी की नऊवारीला हे आधीपासून जमत होतं. २०२३ च्या मार्चमध्ये पुण्याच्या रमिला लटपटे मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या त्या नऊवारी नेसूनच. आणि बायकांना सरळ बसता येऊ लागलं तेवढ्यात गाड्यांनी मागची गादी काढून घेतली. २०१२ नंतरच्या चपळ गाड्यांवर मागे जी उंच, दुभंगलेली, वीतभर पट्टी असते तिच्यावर माणूस बसत नाही, लटकतो. तिच्यावर कुणाला नागपूरला नेणं हा मी छळ मानतो.

कपड्यांचं थोडक्यात. जानेवारीच्या पहाटे जर्किनच्या आत छातीशी वर्तमानपत्र ठेवायची जुनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध. हवा १० अंशांची असेल तर साठच्या वेगाला ती उघड्या कातडीला ५ अंशांसारखी लागते, आणि कागद वारा अडवतो. मे महिन्यात उलटं. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा गारवा देत नाही, भाजतो आणि घाम दिसायच्या आत सुकवतो. म्हणून बिनबाह्यांचा टीशर्ट घालून निघणारे पांढुर्ण्यापर्यंत कोमेजतात, तर पूर्ण बाह्या, आत ओला बनियन आणि तोंडाला पंचा गुंडाळलेले टिकतात. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याने काय होतं ते कांदाच जाणे. हेल्मेट आता बरेच जण घालतात हे चांगलंच, पण शंभरच्या वेगाला त्याच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो. दिवसअखेरच्या त्या बधिर थकव्याचा मोठा वाटा या आवाजाचा असतो, आणि त्यावरचा उपाय, कानातले फोमचे बोळे, लांबच्या प्रवासाच्या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळं एकदम आलं. रस्ता चौपदरी होत गेला, जंगलाच्या टापूतलं काम मात्र वर्षानुवर्षं रखडलं. २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली. २०२० च्या मीटिओरपासून कंपनीने साडेतीनशे सीसीच्या इंजिनातही तोल साधणारा शाफ्ट घातला आणि बुलेटच्या घराण्यातली थरथर जवळजवळ गेली. ट्यूबलेस टायर, एबीएस, काच, हवेच्या गाद्या, गुडघ्याची कवचं, मोबाइलचे स्टँड. पूर्वी अख्ख्या वसाहतीत मिळून नसेल एवढं सामान आता एका गाडीवर असतं.

आणि तरी दुखतं. उलट जास्त दुखतं, असं ऐकतो. तेरा लिटरची टाकी, लिटरला पस्तीसचं मायलेज, म्हणजे भोपाळला भरली की नागपूर येऊन वर उरतं. इंजिन तापत नाही, प्लग काळा होत नाही, खड्डा उठवत नाही. गाडीला थांबायचं कारण उरलं नाही, म्हणून स्वारही थांबत नाही. चार तास एकाच कोनात बसून कंबर धरली की तो नवी गादी मागवतो. आमच्या ओळखीतली पोरं "नॉनस्टॉप मारली" असं अभिमानाने सांगतात आणि दुसऱ्या दिवशी लग्नात खुर्ची शोधत फिरतात. गादीने फार तर तासभर पुढे ढकलता येतं. कंबर सुटते ती उतरल्यावरच, याला पर्याय निघालेला नाही.

नागपूरच्या पुढे मुंबईकडे जाणाऱ्यांचा प्रश्न सरकारनेच सोडवला आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा जुन्याच रस्त्याने, गावं घेत जावं लागतं. भोपाळ-नागपूरला अशी सक्ती नाही. म्हणून या दिवाळीला निघणार असाल तर टाकी निम्मीच भरा. बैतूलच्या आसपास काटा खाली येईल. पंपांची तिथे कमतरता नाही, आणि पेट्रोल भरायच्या निमित्ताने दुचाकीवरून उतरा.