मयताला माणसं हवीत

१ जानेवारी २०२५पासून आयर्लंडमध्ये सगळा देश जिथे निधनवार्ता पाहतो त्या संकेतस्थळावर ती द्यायला १०० युरो पडू लागले. २००५पासून ही नोंद फुकट होती. रक्कम कुणाला किरकोळ वाटेल. पण जिथे मयताला जाणं हे शेजाऱ्याचं पहिलं कर्तव्य, तिथे मृत्यूची वर्दीच विकत द्यावी लागावी, हे खुपतं. तिथली ‘वेक’ म्हणजे प्रेताजवळ जागवलेली रात्र. माणूस गेला की घड्याळ थांबवायचं, आरसा झाकायचा, आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडायची आणि प्रेत क्षणभरही एकटं सोडायचं नाही. सोबतीला मातीच्या चिलमी, तंबाखू, खेळ, थट्टामस्करी आणि मोबदला घेऊन विलाप करणाऱ्या बायका. सतराव्या शतकापासून कॅथलिक धर्मसभांनी हे खेळ आणि विलाप बंद पाडायचा प्रयत्न केला. १८४५नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. काही ठिकाणी तळ उघडणारी एकच शवपेटी पुन्हा पुन्हा वापरावी लागली. पुढे विलाप मावळला, खेळ लोकसाहित्याचे अभ्यासक शॉन ओ सूलावॉन यांच्या पुस्तकात उरले, रात्र मात्र टिकली.

तिला खरा धक्का बसला तो गेल्या दशकात. २०२०च्या साथीत अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, तेव्हा गावकरी शववाहिनीच्या वाटेवर दुतर्फा अंतर राखून उभे राहिले. सक्तीपुढेही रीत वाकली नाही. तिला वाकवते आहे ती सोय: शवगृहात भेटीचे ठरावीक तास, निधनवार्तेखाली ‘हाऊस प्रायव्हेट’ म्हणजे घरी फक्त घरचेच, शोकसंदेशाला एक चौकट. घरं लहान आहेत, मुलं परदेशी आहेत, दुःखात एकांत हवा असतो, असं यावर सांगतात. यातलं काही खोटं नाही, आणि बॉस्टनमधल्या लेकीला प्रार्थना थेट पाहता येते हे मोलाचंच आहे. पण एकांत मिळायला पुढे सगळं आयुष्य असतं. त्या रात्री सँडविच करणारे, चहा देणारे, गाड्या लावून देणारे, पश्चिमेकडच्या गावांत कबर खणणारे हात लागतात, आणि काम सोपवलं की शेजारी आपला होतो. उरला अंधश्रद्धेचा आक्षेप. आरसा झाकला नाही तर कुणाचं बिघडत नाही, हे मान्य. पण प्रेत एकटं ठेवू नये, या समजुतीपायीच पाळीपाळीने माणसं बसत होती. ती सोडली तर त्यांना बोलवायचं कशासाठी? आणि माणसं यायची तर आधी वर्दी पोचायला हवी. तेव्हा निधनवार्तेची नोंद तरी स्थानिक परिषदांनी आपल्या खर्चाने, सर्वांसाठी फुकट चालवावी.