जुने संगणक, मुक्त प्रणाली आणि शाळेत येणारा माणूस

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवरील सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य मिळणे थांबले. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, बसवायची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असावा लागतो. ज्या विद्यालयांच्या प्रयोगशाळेतील यंत्रे त्याआधीची आहेत, त्यांच्यापुढे पेच उभा आहे. शैक्षणिक संस्थांना तीन वर्षांपर्यंत सवलतीच्या दरात दुरुस्त्या विकत घेता येतात, पण त्याने प्रश्न केवळ पुढे ढकलला जातो. चालू स्थितीतील वीस-पंचवीस यंत्रे भंगारात काढावीत आणि नव्यांसाठी पुन्हा पालक-शिक्षक संघाकडे हात पसरावा, हा दुसरा मार्ग. तिसराही एक मार्ग आहे, आणि गोव्याला तो नवा नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस, संगणक ही शाळांसाठी चैनीची वस्तू असताना, परदेशस्थ गोमंतकीय आणि येथील स्वयंसेवक यांनी इंटरनेटवरील पत्रव्यवहारातून एक उपक्रम उभा केला. ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या नावाने तो ओळखला गेला. पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्याविषयी सातत्याने लिहिल्यामुळे त्याची वार्ता देशाबाहेरही पोहोचली. अमेरिकेतील कार्यालयांनी वापरातून काढलेले संगणक मिळवायचे, ते जहाजाने आणायचे आणि शाळांना वाटायचे, असा त्याचा एक भाग होता. दुसरा भाग होता त्या यंत्रांवर लिनक्स चालवण्याचा. कारण उघड होते. जुने यंत्र दान मिळाले, तरी त्यावरची प्रणाली दान मिळत नव्हती. प्रत्येक यंत्रामागे परवाना विकत घ्यायचा झाला, तर फुकटचा संगणकही परवडला नसता.

जुन्या यंत्रांकडून काम करून घेण्याची एक युक्ती तेव्हा जगभरच्या शाळांत वापरली जात होती. ती समजून घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळेत एकच दमदार संगणक ठेवायचा. बाकीची यंत्रे तारेने त्याला जोडायची. सगळे काम त्या एका मुख्य संगणकात चालते. मुलांच्या पुढ्यातली यंत्रे फक्त पडदा, कळफलक आणि माउस यांचे काम करतात. त्यांना हार्ड डिस्कचीही गरज उरत नाही. विषाणू शिरला, एखाद्या मुलाने काही पुसून टाकले किंवा नवा कार्यक्रम बसवायचा झाला, तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची. उणीवही त्यातच आहे. मुख्य संगणक बसला की सारी प्रयोगशाळा बसते. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा ये-जा करते आणि दमट हवेने जोडण्या गंजतात, अशा गावात ही उणीव कागदावर दिसते त्याहून मोठी ठरते.

येथे ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करायला हवा. ‘मोफत’ हा त्याचा प्रतिशब्द नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांचा आग्रह किमतीविषयी नव्हता. कार्यक्रम कोणत्याही कामासाठी चालवता यावा, त्याची मूळ संहिता अभ्यासता व बदलता यावी, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही इतरांना देता यावी, असे हे स्वातंत्र्य आहे. शाळेच्या दृष्टीने त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. प्रयोगशाळेत शिकवलेला कार्यक्रम विद्यार्थ्याला पेन ड्राइव्हवर घरी नेता येतो आणि त्यात चोरी होत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणा शिकवायचा आणि पुढच्या तासाला नकली प्रतीवर धडा घ्यायचा, ही विसंगती अनेक शाळांनी वर्षानुवर्षे निमूटपणे सांभाळली आहे.

मग मुक्त प्रणाली सर्वत्र का रुजली नाही? प्रणाली अवघड होती, हे उत्तर अपुरे आहे. स्वयंसेवक शनिवारी येतो, प्रणाली बसवतो, दोन तास शिकवतो आणि जातो. बुधवारी प्रिंटर चालेनासा झाला, तर शिक्षकाने कोणाला बोलवायचे? तोच स्वयंसेवक नोकरीनिमित्त बेंगळुरूला किंवा आखातात गेला, तर? बाजारातला दुरुस्तीवाला आला की तो त्याला ठाऊक असलेली प्रणाली बसवून मोकळा होतो. दोष त्याचाही नाही.

हा दुवा केरळने सांधला. तेथे ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, तेव्हा अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीभोवती रचलेला होता. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्याला विरोध केला, आणि पुढील काही वर्षांत शाळा टप्प्याटप्प्याने ग्नू-लिनक्सवर आल्या. दहावीची संगणक परीक्षाही तीवरच होऊ लागली. या बदलाचे मर्म मात्र प्रशिक्षकांच्या निवडीत आहे. बाहेरचे तंत्रज्ञ नेमण्याऐवजी शाळांतलेच शिक्षक तयार करून त्यांच्यावर इतर शिक्षकांना शिकवण्याची जबाबदारी सोपवण्यात आली. २०१८ मध्ये ‘लिट्ल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे सुरू झाली, आणि शाळेतली यंत्रे सांभाळायला मुलांचेही हात मिळाले. दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त प्रणाली वापरल्याने सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले, असा तेथील शासकीय यंत्रणेचा दावा आहे. तो आकडा बाजारभावाने मांडलेला असल्याने थोडा सैल धरावा. शिक्षक तयार झाले, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

गोव्यात यासाठी पाया नाही असे नाही. सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग व रोबोटिक्स शिकवणारी राज्य शासनाची योजना २०२१ पासून चालू आहे. मुलांना कोडिंगची ओळख करून देणारे स्क्रॅच मुक्त परवान्याचेच आहे. लहानांसाठी जीकॉम्प्री, चित्रांसाठी टक्स पेंट, लेखन आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस उपलब्ध आहे. लिब्रेऑफिस मराठी व कोकणी या दोन्ही भाषांतून वापरता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा कार्यक्रमांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य दिले आहेत. स्वयंसेवकाच्या पुढच्या भेटीपर्यंत शिक्षकाला त्यांचा आधार होतो.

ज्या विद्यालयाला हा प्रयोग करायचा असेल, त्याने सगळी यंत्रे एका दिवशी बदलू नयेत. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येते. यंत्रातल्या जुन्या प्रणालीला धक्का लागत नाही. प्रिंटर, प्रोजेक्टर आणि स्मार्ट बोर्ड तिला ओळखतात का, हे आधी तपासावे. दोन-तीन यंत्रे एक सत्रभर चालवावीत. स्वयंसेवकाने स्वतः कळफलकाला हात न लावता शिक्षकाकडून प्रणाली बसवून घ्यावी. वेळ तिप्पट लागेल, तो लागू द्यावा.

सर्वांत चिवट अडचण बहुधा यंत्रांची नसेल, ती मराठीच्या प्रश्नपत्रिकांची असेल. अनेक शाळांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखले आणि स्नेहसंमेलनाचे अहवाल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ते उघडले, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, आणि खापर फुटते नव्या प्रणालीवर. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावेच लागतात. हे काम स्वयंसेवकांनी वाटून घ्यावे आणि मराठीच्या शिक्षकांना त्याच काळात इन्स्क्रिप्ट कळफलकाचा सराव द्यावा. प्रथम सत्राची प्रश्नपत्रिका टंकलिखित करण्याची घाई सुरू होण्यापूर्वी हे उरकलेले बरे.