पातळ जॉबसाठी लो-प्रोफाइल क्लॅम्प कसा निवडायचा?



१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून आपल्या कडेगाव-पलूस भागाला लोखंडाच्या कामाची ओळख आहे. आज इथल्या छोट्या शॉपवाल्याचं गणित सरळ असतं: माल पार्टीचा, मशीन आपलं. जॉब रिजेक्ट झाला की मजुरी तर जातेच, वर मालाची डेबिट नोट येते. पातळ प्लेटच्या कामात ही डेबिट नोट बऱ्याचदा कटरमुळे नाही, तर जॉब चुकीचा धरल्यामुळे येते.

नेमकं काय बिघडतं?

६ मिमीची प्लेट वरून स्ट्रॅप क्लॅम्पने धरली की क्लॅम्प टूलच्या वाटेत येतो. अर्धं फेसिंग करायचं, क्लॅम्प हलवायचा, उरलेलं मारायचं. मध्ये पायरी पडते.

व्हाइसमध्ये धरून जोरात आवळली तर प्लेट मधून फुगते. फुगलेली असतानाच तुम्ही ती सपाट मारता. व्हाइस सैल केला की प्लेट मोकळी होते आणि मध्ये खोलगट निघते. मशीनवर सपाट, सरफेस प्लेटवर वाकडी!

लो-प्रोफाइल क्लॅम्प जॉबला बाजूने धरतो आणि जॉबच्या टॉपच्या खाली राहतो. त्यामुळे पूर्ण फेस एकाच सेटिंगमध्ये निघतो. पण फुगण्याचा धोका इथेही आहेच. म्हणून घेण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

१. उंची किती? कच्च्या प्लेटची नाही, फिनिश झालेल्या जॉबची जाडी धरा. क्लॅम्प आणि समोरचा स्टॉपर, दोन्ही त्याच्या खाली राहिले पाहिजेत.

२. कडा कशी आहे? मशीन केलेली कडा असेल, अॅल्युमिनियम असेल, तर गुळगुळीत पितळी तोंडाचा क्लॅम्प घ्या. डाग कमी पडतो. कच्च्या कडेला दातेरी तोंड चांगलं पकडतं, पण खुणा उमटतात. ती कडा नंतर मशीन होणार असेल तरच वापरा.

३. साइज किती बदलते? एक्सेंट्रिक क्लॅम्प झटपट लागतो, पण त्याची चाल कमी असते. शिअरवर कापलेल्या प्लेट एक-दीड मिमीने मागेपुढे असतील तर तो पुरणार नाही. तिथे जास्त चालीचा टो क्लॅम्प किंवा वेज क्लॅम्प बघा.

४. खाली दाबतो का? साधा एक्सेंट्रिक मुख्यतः आडवा दाबतो. टो क्लॅम्प आडवा ढकलताना खालीही दाबतो. जॉब उचलला जाण्याची भीती असेल तर हा बरा. कटिंगचा मुख्य जोर नेहमी पक्क्या स्टॉपरकडे जाऊ द्या, क्लॅम्पकडे नको.

डायलची परीक्षा

प्लेटच्या मध्यावर डायल शून्यावर लावा आणि हळूहळू क्लॅम्प आवळा. समजा ड्रॉइंगमध्ये फ्लॅटनेस ०.०५ मिमी आहे आणि काटा आवळतानाच तेवढा हलला, तर तो जॉब कापण्याआधीच गेला. जोर कमी करा, क्लॅम्प वाढवा, कट हलका घ्या. प्लेटखाली बर किंवा चीप नाही ना, हेही बघा.

जॉब २ मिमीच्या आसपास असेल तर बाजूने धरण्याचा हट्ट सोडा. जॉबला होल असतील तर आधी होल मारा आणि अॅलन बोल्टने खालच्या फिक्स्चर प्लेटवर बसवा. नाहीतर व्हॅक्यूम. मॅग्नेटिक चक एमएसला चालेल, अॅल्युमिनियमला नाही.

आता पैशाचं

समजा २०० जॉबची ऑर्डर आहे आणि प्रत्येक जॉबमागे लावण्या-काढण्याची ३ मिनिटं वाचतात. म्हणजे ६०० मिनिटं, १० तास. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरला तर ४,००० रुपये. यात तुमचा दर घाला आणि क्लॅम्प सेटची किंमत शेजारी लिहा. ऑर्डर परत परत येणारी असेल तर घ्या. एकदाच ५ नग करायचे असतील तर असलेल्या व्हाइसला सॉफ्ट जॉ लावून, पायरी काढून काम भागवा.

पुढची पातळ प्लेट मशीनवर चढवाल तेव्हा आधी डायल लावा. काटा किती हलला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा.