पलटणीतून परतलेले मन आणि आपले विद्यार्थी

आपल्या समाजाचे पलटणीशी असलेले नाते फार जुने आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. इंग्रजांनी बंद केलेली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. या पराक्रमावर आपण पुष्कळ लिहितो, बोलतो. पलटणीतून घरी आलेल्या माणसाच्या मनाविषयी मात्र क्वचितच. भोर-वेल्ह्यातील (वेल्ह्याला राजगड नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, आमच्या तोंडी वेल्हेच आहे) आपली मुले-मुली आता मानसशास्त्र घेऊन पदवीधर होत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही बँकेत कारकून आहोत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्त सैनिक येतात. त्यांतले एक हवालदारसाहेब कधीच बाकावर बसत नसत. पाठ भिंतीला, नजर दाराकडे. शिक्का जोरात आपटला की दचकत. काउंटरमागे हसू व्हायचे, त्यात आम्हीही होतो. गावात कोणी त्यांना तिरसट म्हणे, कोणी देवऋषाकडे न्या म्हणे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून हे ऐकावे लागते! मानसशास्त्र शिकणाऱ्या आमच्या भाचीने सांगितले, "मामा, असे सतत सावध राहणे हे आघातानंतरच्या ताणाचे लक्षण असू शकते." 'असू शकते' यावर तिने जोर दिला, कारण निदान करणे हे शिकाऊ विद्यार्थ्याचे काम नव्हे. आम्ही एक खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली. पुढच्या वेळी साहेब बसले.

पहिल्या महायुद्धात या त्रासाला 'शेल शॉक' म्हणत आणि पुष्कळदा भित्रेपणात जमा करीत. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची आजार म्हणून नोंद केली. अर्थात प्रत्येक सैनिक आजारी असतो असे नाही, हेही विद्यार्थ्याने आधी शिकावे.

सैनिकांचा समाज एकसारखा नसतो. सीमेवर असताना बांधाच्या भांडणाची बातमी फोनवर ऐकणारा जवान, घर एकटीने ओढणारी त्याची पत्नी, वीरपत्नी, चाळिशीच्या आत निवृत्त होऊन वॉचमनची नोकरी करणारा नाईक, खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात (स्थापना १९७४) चाकाच्या खुर्चीवर आयुष्य नव्याने मांडणारा जवान, यांची दुःखे निरनिराळी. २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, बाकीचे ऐन पंचविशीत परतणार. महार रेजिमेंटमध्येही आज अनेक प्रांतांचे, जातिधर्मांचे जवान आहेत. आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही. गणवेशात सलाम घेणारा आपला जवान रजेवर येतो, तेव्हा गावात त्याला पुन्हा जात विचारली जाते. ही जखम आपल्या विद्यार्थ्यांना सांगितल्याशिवाय कळेल.

शिकायचे काय? प्रथम ऐकणे. "किती जणांना मारले?" हा प्रश्न कधीही विचारू नये. हुद्दा माहीत करून घ्यावा, साहेब म्हणावे. जीव द्यावासा वाटतो का, हे मात्र स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. ऐकलेले बाहेर जाता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याचे कलम २३ गोपनीयतेचेच आहे. आपल्या गावांत जो तो कोणाचा तरी पाहुणा, म्हणून भावकीतील माणूस स्वतः हाती घेऊ नये, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली दुसऱ्याकडे सोपवावा. विपश्यनेचे नाव आपल्याकडे लगेच निघते. तिच्याविषयी आम्हाला आदर आहे, पण तीव्र मानसिक त्रास असलेल्याला दहा दिवसांच्या शिबिरात परस्पर धाडू नये. शिबिरवाले स्वतःही प्रवेशअर्जात आजाराची माहिती विचारतात.

पुढची वाट दाखवता आली पाहिजे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीतूनही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून त्याचा स्वतंत्र कक्ष आहे. पेन्शन, सवलतींचे प्रश्न जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यावेत. मन बिघडण्यामागे कधी कधी अडकलेली पेन्शनही असते, हे आम्ही काउंटरवरून सांगतो.