दिव्याखालचे प्रश्न

रात्रीचीं जेवणें आटोपून झांकपांक झाली, कीं घरांत अर्धा-पाऊण तास असा उरतो कीं ज्यावर कोणाचीच मालकी नसते. वडील मंडळींचें वर्तमानपत्र वाचून झालेलें असतें, मुलांचा अभ्यास संपलेला असतो (निदान तसें तीं सांगतात), आणि निजावयास अजून अवकाश असतो. पूर्वीं ह्या वेळीं भेंड्या लागत, कोडीं घातलीं जात. हल्लीं पुष्कळ घरीं हा वेळ ज्याच्या त्याच्या हातांतील लहानशा पडद्याच्या हवालीं झाला आहे. तथापि जेथें चार माणसें अजून एकमेकांकडे तोंड करून बसतात, तेथें सामान्य ज्ञानाच्या प्रश्नोत्तरांचा खेळ मोठ्या गोडीनें चालतो. असाच एक खेळ भुसावळाजवळील दीपनगरांत आमच्या पाहण्यांत आला. तो वाचकांच्या घरीं शिरावा, एवढ्यासाठींच हें लिहीत आहों.

दीपनगर हें जुनें गांव नव्हे. भुसावळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या नोकरवर्गासाठीं वसलेली ती वसाहत आहे. कोळसा तेथें आगगाडीनें येतो, पाणी तापीचें येतें आणि माणसें बदलीच्या हुकुमानें येतात. एका दारावर कोंकणांतलें आडनांव, तर समोरच्या दारावर वऱ्हाडांतलें. अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलांना साऱ्या जगाच्या राजधान्या मुखोद्गत असतात. परंतु ज्या भूमीवर आपण निजतों-उठतों तिची ओळख नसते. दिव्याखालीं अंधार ही म्हण त्या गांवाच्या नांवाला फारच चपखल बसते, आणि आम्हीही ती लावलीच असती. परंतु एका स्नेह्यांकडे चार रात्री राहण्याचा योग आला, व त्या घरच्या मंडळींनीं हा अंधार ओळखूनच आपला खेळ रचला असल्याचें दिसून आलें.

प्रश्न शक्यतों एका दिवसांत जाऊन येतां येईल एवढ्या टापूंतला असावा, असा तेथें दंडक आहे. दुसरा दंडक अधिक कडक. उत्तर मिळालें कीं कोणीही 'कशावरून?' असें विचारावें, आणि त्याचा खुलासा उत्तर देणाऱ्यानें नव्हे, तर प्रश्न घालणाऱ्यानें करावा. त्यामुळें पुस्तकांतली एखादी ओळ पाठ करून दुसऱ्याची फजिती करण्याचा मार्गच बंद होतो. दूरध्वनियंत्रें खेळ संपेपर्यंत फडताळांत असतात.

पहिल्या रात्रीं घरच्या नातवानें खिडकीबाहेर बोट दाखविलें. "आजी, त्या पोट आंत घेतलेल्या जाड मनोऱ्यांतून काय निघतें?"

"धूर रे. दुसरें काय निघणार?"

"धूर नव्हे, वाफ!"

"कशावरून?" आजींनीं तत्काळ दंडकावर बोट ठेवलें.

मुलगा अडखळत, पण नीट बोलला. कोळशाचा धूर त्या सडपातळ, उंच धुरांड्यांतून जातो. यंत्र फिरवून आलेली वाफ पुन्हा पाण्याच्या रूपास आणावी लागते. तिला थंड करतांना जें पाणी तापतें, तें ह्या मनोऱ्यांत निवूं देतात. त्यांतला थोडा अंश वाफ होऊन वर जातो, आणि म्हणूनच तो पांढरा ढग थोड्या अंतरावर विरून नाहींसा होतो. आजींनीं हार कबूल केली, परंतु लगेच उलट प्रश्न टाकला. "विजेच्या एका युनिटाला कोळसा किती लागतो, तें सांग." मुलाला येईना. आजींचे चिरंजीव केंद्रांतच कामाला असल्यामुळें त्यांना हा हिशेब ठाऊक होता. एका युनिटाला अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो, आणि शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला कीं एक युनिट होतें. "आतां माजघरांतला दिवा कोण मालवून येतो?" असें त्यांनीं विचारतांच मुलगा निमूटपणें उठला.

दुसऱ्या रात्रीं धाकट्या काकूंची पाळी होती. त्यांचें माहेर रावेरकडचें, म्हणजे केळीच्या मुलखांतलें. केळीचें झाड म्हणणें बरोबर कीं चूक, असा त्यांचा प्रश्न. वादविवाद झाला. काकू म्हणाल्या, जो बुंधा दिसतो तो लांकूड नव्हेच, एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांच्या तळांचा तो खांब आहे. खरें खोड जमिनींत असतें, आणि घड उतरला कीं वरचा भाग संपतो, मग बाजूचा पिलाच पुढें वाढवावा लागतो. वनस्पतिशास्त्राचा निकालही हाच आहे. जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें सर्वांस माहीत होतें. बुंधा सोलून पाहिलेलें मात्र एकट्या काकूंनींच.

नर्मदा आणि तापी ह्या दोनच नद्या पश्चिमेस वाहतात, हें विधान त्याच रात्रीं निकालांत निघालें. घरांतील कोंकणच्या सुनेनें सावित्री, वासिष्ठी, उल्हास अशीं नांवें एकामागून एक घेतलीं. खरें वैशिष्ट्य निराळें आहे. ह्या दोन नद्या द्वीपकल्पाच्या पोटांतून निघून दूर पश्चिमेस जातात. तापी मुलताईजवळ उगम पावते, सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर ह्यांमधल्या खोलगट पट्ट्यांतून वाहते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते.

खरा रंग भरला तो तिसऱ्या रात्रीं. "जळगांव जिल्ह्यांतले चांगदेव कोण?" असा सोपा दिसणारा प्रश्न आजोबांनीं घातला. मुलांनीं एका दमांत उत्तर दिलें: ज्ञानेश्वरांना कोरें पत्र पाठविणारे योगी, त्यांना पासष्ट ओव्यांचें उत्तर आलें, तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नांवाचें गांव व देऊळ आहे. शेजारचे एक गृहस्थ त्या दिवशीं खेळावयास आले होते. ते म्हणाले, "नाहीं, चांगदेव ज्योतिषी. भास्कराचार्यांचे नातू." दोन्ही बाजू हट्टास पेटल्या, आवाज चढले, आणि कोणी कोणास खोटें पाडतें आहे असें वाटूं लागलें. आजोबा शांतपणें म्हणाले, "दोन्हीं उत्तरें बरोबर. एकाच जिल्ह्यांत दोन चांगदेव आहेत, आणि लोक एकाचें यश दुसऱ्याच्या पदरांत घालतात."

ह्या दुसऱ्या चांगदेवाविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे, कारण सुशिक्षित घरांतूनही त्याचें नांव क्वचितच ऐकूं येतें. चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशींत पाटण म्हणून स्थान आहे. पाटणादेवी ह्या नांवानें तें अधिक प्रसिद्ध. तेथील देवळांतला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं १८६५ मध्यें विद्वानांपुढें आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं मुख्य ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें १२०७ सालीं त्याला देणगी दिली, असा त्यांतला आशय. लेख संस्कृतांत आहे. पण शेवटीं मठाला कोणाकडून काय मिळावें हें लिहितांना भाषा मराठी होते. शास्त्र संस्कृतांत आणि देणें-घेणें मराठींत, ही वांटणी पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

आणि भास्कराचार्य तरी काय करीत होते? ११५० सालच्या त्यांच्या लीलावतींत गणित शिकवावयाचें तें प्रश्न घालून, आणि तेही 'बाले', 'सखे' अशा लाडक्या संबोधनांनीं. मधमाश्यांचा एक प्रश्न आजोबांनीं आपल्या शब्दांत घातला. थव्याचा पांचवा हिस्सा एका फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, ह्या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट माश्या तिसऱ्यावर गेल्या, आणि एकच माशी दोन सुगंधांमध्यें घुटमळत राहिली. तर थवा केवढा? पंधरा, हें उत्तर आधीं आलें तें इंजिनियर चिरंजीवांकडून नव्हे, तर आठवींतल्या नातीकडून. लीलावती ही आचार्यांची कन्या व तिचा विवाहमुहूर्त टळला ही कथा तिनें लगोलग सांगितली. आजोबांनीं मात्र "कशावरून?" म्हणून तिला थांबविलें. ती कथा अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतरांत आढळते, म्हणजे ग्रंथानंतर सव्वाचारशें वर्षांनीं. मुलगी हिरमुसली. एवढी सुंदर गोष्ट खोटी म्हणवत नाहीं. पण खरी म्हणावयास आधारही नाहीं. अशा वेळीं 'अशी एक कथा आहे' म्हणावें आणि पुढें जावें.

'कौन बनेगा करोडपती' ह्या दूरचित्रवाणीवरील खेळांत २००० सालीं पहिला कोट्यधीश झाला तो हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण. आणि २०१९ मध्यें शाळेंत मुलांची खिचडी शिजविणाऱ्या अमरावती जिल्ह्यांतील बबिता ताडे ह्यांनीं तोच टप्पा गांठला. दोघांचेंही कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु त्या खेळांत 'कशावरून?' विचारावयास सवड नसते, आणि घरच्या खेळांतली सारी गोडी त्याच शब्दांत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं बालकवींवरून विषय निघाला. त्यांचा जन्म धरणगांवचा, १८९० चा. १९१८ सालीं ते आगगाडीच्या अपघातांत गेले, तें ठिकाण भादलीजवळ. मुलें ज्या गाडीनें जळगांवास जातात, तिच्या वाटेवरचें हें स्टेशन. त्यांच्या कविता शाळेंत पाठ झालेल्या होत्या. स्टेशन कोणाला माहीत नव्हतें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं.

मग शेजारच्या गृहस्थांनीं जुना प्रश्न उकरून काढला. आचार्य आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जडविड म्हणून सांगतात. तें पाटणच कीं दुसरें कोणतें? पाटणच्या बाजूनें बोलणारे बोलतात, विरुद्ध बोलणारेही आहेत, विद्वानांचें एकमत नाहीं. आजोबांनीं निकाल देण्याचें नाकारलें. "येत्या रविवारीं सकाळच्या गाडीनें चाळीसगांव," ते म्हणाले, "आणि तेथून पाटणादेवी. लेख डोळ्यांनीं पाहूं, मग भांडूं." आजींनीं दशम्यांसाठीं किती माणसें धरावयाचीं तें विचारलें, आणि शेजारच्या घरांतूनही चार हात वर झाले.