स्टीलचा धूर आणि घरचा कारखाना

पनवेल-उरण रस्त्यावरील जासई आणि आसपासच्या गावांचा व्यवहार गेल्या चाळीस वर्षांत पार बदलला. सिडकोने जमिनी घेतल्या, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडीचा सागरी पूल चिर्ल्यापर्यंत पोहोचला. शेती गेली तेथे बांधकाम आले. त्याबरोबर स्टीलचे कठडे, ग्रील, गेट आणि हॉटेलची टेबले यांना मागणी आली. लहान कारागिराला वेगळा गाळा परवडत नाही. घरामागची पडवी हाच त्याचा कारखाना. म्हणून या धुराचा विचार केवळ कारागिराने नव्हे, तर संपूर्ण घराने केला पाहिजे.

साध्या लोखंडाचा धूरही वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला असून तो अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्टेनलेस स्टीलचा धूर त्याहून घातक. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ठिणगीच्या उष्णतेने क्रोमियमचा काही भाग विषारी रूप घेतो. नाकात जखमा, दमा, कातडीची ॲलर्जी आणि पुढे फुफ्फुसाचा कर्करोग हे त्याचे परिणाम. स्वस्त म्हणून खपणाऱ्या २०२ जातीत निकेल कमी, पण मँगनीज जास्त. ते वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास मेंदूवर परिणाम होऊन हात थरथरू लागतात.

आमचा धंदा कापडाचा, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. तोंडाला बांधलेला रुमाल या धुराला अडवत नाही. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून बारीक असतात आणि रुमालाच्या दोन धाग्यांमधील जागा त्याच्या कितीतरी पट मोठी. काम संपल्यावर गूळ खाल्ल्याने छाती साफ होते, हाही केवळ समज आहे. गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात.

मग उपाय काय? पहिला उपाय धूर कमी करण्याचा. रॉडच्या वेल्डिंगपेक्षा आर्गनच्या टिग वेल्डिंगमध्ये धूर बराच कमी होतो. मात्र टिगच्या लखलखाटाने ओझोन वायू तयार होतो आणि आर्गन हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचून प्राणवायूला हटवतो. तेव्हा हवा खेळती हवीच. जॉब पुसण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रावण मुळीच वापरू नये. वेल्डिंगच्या प्रकाशात त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू बनतो. साबणाच्या पाण्याने धुऊन जॉब पूर्ण कोरडा करावा.

दुसरा आणि मुख्य उपाय धूर जागेवरच ओढून घेण्याचा. छताचा पंखा धूर बाहेर नेत नाही, खोलीभर फिरवतो. पाठीमागून लावलेला पंखा तोच धूर तोंडासमोर घोटाळत ठेवतो, शिवाय आर्गनचे आवरण उडवून जोड खराब करतो. पंखा ढकलणारा नको, ओढणारा हवा. सहा इंची नळी आणि ब्लोअर घेऊन नळीचे तोंड जोडाच्या अगदी जवळ, बाजूला किंवा किंचित वर ठेवावे. नळीच्या रुंदीइतके अंतर पडले तरी तोंडाशी असलेली ओढ सुमारे एक दशांशावर येते, म्हणून काम सरकेल तशी नळीही सरकवावी. स्वतःचे डोके धुराच्या लोटात कधीच नसावे. नळीचे दुसरे टोक छपराच्या वर काढावे; शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा स्वयंपाकघराकडे नव्हे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात झोडपणाऱ्या सरींमुळे पडवी ताडपत्रीने बंद होते. खरा धोका त्याच दिवसांत असतो.

तिसरा उपाय मास्कचा. तो आय. एस. ९४७३ प्रमाणित एफएफपी-२ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असावा आणि वेल्डिंगच्या ढालीखाली नीट बसावा. येथे दाढी ठेवणाऱ्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. असा मास्क कातडीला घट्ट चिकटला तरच काम करतो. दाढीच्या केसांतून हवा सरळ आत शिरते. यावर स्वच्छ हवा पुरवणारे सैल हेल्मेट मिळते, पण ते महाग आहे. दाढी सुन्नत म्हणून ठेवली आहे, ती राहणारच. म्हणून अशा कारागिराने मास्कच्या भरवशावर न राहता ओढणारी नळी आधी बसवावी.

कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवू नयेत. जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. जेवणापूर्वी हात-तोंड स्वच्छ धुवावे.

शेवटी व्यापारी बंधूंना एक विनंती. दुकानाचा कठडा करून घेताना आपण फुटामागे दर पाडतो, तेव्हा कारागीर सर्वांत आधी ब्लोअरचाच खर्च वाचवतो. कारागिराने तो खर्च दरात उघडपणे धरावा आणि आपण तो खुशीने द्यावा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. हलाल रोजी कमावताना ती धुरात जळू नये, ही जबाबदारी काम करणाऱ्याची आहे, तशीच काम देणाऱ्याचीही आहे.